तार एक, बोलणारे अनेक

आज आपण गप्पा मारणार आहोत त्या संगणकांच्या गप्पांबद्दल.

पंचायतीत, बँकेत, शाळेच्या कार्यालयात आपण नेहमी पाहतो. एका टेबलावरच्या संगणकाचे बटण दाबले, की दाखला पलीकडच्या खोलीतल्या प्रिंटरमधून बाहेर येतो. कागद घेऊन कोणी धावत नाही. एका इमारतीतली यंत्रे अशी एकमेकांना जोडली, की त्याला लोकल एरिया नेटवर्क म्हणतात. सगळेजण त्याला नुसते ‘लॅन’ म्हणतात. या लॅनवरून निरोप जायचे कसे, हा नियम कोणी आणि कसा घडवला, ते आम्ही आज सांगणार आहोत. गोष्ट यंत्रांची असली तरी तिच्यातला प्रश्न आपल्या चांगल्या ओळखीचा आहे. बोलायला वाट एकच, बोलणारे अनेक, आणि मधे सरपंच कोणी नाही. मग बोलायचे कोणी आणि थांबायचे कोणी?

सुरुवात होते पॅसिफिक महासागरातल्या हवाई बेटांवर. हवाई विद्यापीठाचा मोठा संगणक ओआहू बेटावर होता आणि विद्यापीठाच्या शाखा इतर बेटांवर. त्यांना तो संगणक वापरायचा होता, पण टेलिफोनच्या तारा महाग आणि बेभरवशाच्या. तेव्हा नॉर्मन अब्रॅमसन हे प्राध्यापक आणि त्यांचे सहकारी यांनी ठरवले, की तार नको, रेडिओ वापरू. जून १९७१ मध्ये त्यांचे जाळे सुरू झाले. त्याचे नाव अलोहानेट. ‘अलोहा’ म्हणजे तिकडचा रामराम, येतानाही आणि जातानाही.

आपल्या रेडिओवर एक बोलतो आणि बाकीचे ऐकतात. अलोहानेटवर सगळ्यांनाच बोलायचे होते, तेही एकाच फ्रिक्वेन्सीवर. निरोपाची लहान लहान पाकिटे करायची आणि तयार झाले की पाठवून द्यायचे. रांग नाही, नंबर नाही. पाकीट नीट पोहोचले तर मुख्य केंद्र दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवरून पोचपावती देई. दोन शाखांची पाकिटे एकदम निघाली, तर हवेतच एकमेकांत मिसळून दोन्ही खराब होत. पोचपावती आली नाही, की शाखेने समजायचे, आपले पाकीट वाया गेले, पुन्हा पाठवायचे.

पण पुन्हा कधी पाठवायचे? दोघी सारखाच वेळ थांबल्या, तर पुढच्या वेळी पुन्हा टक्कर होणार. म्हणून प्रत्येकीने फासा टाकल्यासारखा कोणताही आकडा काढायचा आणि तेवढेच थांबायचे. एकीचा आकडा लहान निघतो, दुसरीचा मोठा, आणि वाट आपोआप मोकळी होते. एवढा साधा नियम, पण काम भागले. त्याला मर्यादा मात्र होती. हिशेब मांडला तेव्हा दिसले, की या पद्धतीत वाहिनीचा फार तर १८ टक्के वापर होतो. बाकीचा वेळ टक्करीत नाहीतर शांततेत जातो. कोणी न ऐकता बोलत सुटले, की असेच होणार.

ऐकण्याची जोड मिळाली ती अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो गावात. तिथे झेरॉक्स कंपनीचे संशोधन केंद्र होते. प्रत्येकाच्या टेबलावर एक, असे छोटे संगणक तिथे तयार होत होते, आणि ते सगळे एका नव्या लेझर प्रिंटरला जोडायचे होते. हे काम बॉब मेटकाफ या तरुण अभियंत्याकडे आले. त्याने अब्रॅमसन यांचा अलोहावरचा लेख वाचला होता. २२ मे १९७३ रोजी त्याने सहकाऱ्यांसाठी एक टिपण लिहिले आणि नव्या जाळ्याला नाव दिले, इथरनेट. डेव्हिड बॉग्ज या सोबत्याबरोबर त्याने ते उभे केले.

इथरनेटमध्ये एक जाड केबल खोल्याखोल्यांतून फिरवलेली असे आणि सगळी यंत्रे तिलाच जोडलेली. प्रत्येक पाकिटावर पत्ता असे. एक यंत्र बोलले, की ते सगळ्यांना ऐकू जाई, पण ज्याचा पत्ता असेल त्यानेच पाकीट घ्यायचे, असा रिवाज. नियम तीन होते. बोलण्याआधी ऐका, दुसरे कोणी बोलत असेल तर थांबा. बोलतानाही ऐका, कोणाशी टक्कर झाली तर लगेच गप्प व्हा. मग फासा टाका, तेवढे थांबा आणि पुन्हा प्रयत्न करा. टक्कर पुन्हा झाली, तर फाशावरचे आकडे दुप्पट करायचे, म्हणजे थांबण्याचा काळ वाढत जातो आणि गर्दी पांगते. सोळा वेळा जमले नाही, तर ते पाकीट टाकून द्यायचे.

इथे मुख्य कोणी नाही, परवानगी देणारे कोणी नाही. एक यंत्र बंद पडले तरी बाकीच्यांचे काम चालू राहते. १९८० मध्ये झेरॉक्स, इंटेल आणि डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या तीन कंपन्यांनी मिळून हा नियम सगळ्यांसाठी जाहीर केला. त्यामुळे कोणत्याही कंपनीची यंत्रे एकमेकांशी बोलू लागली.

पुढचा प्रश्न आला तो एका केबलला दुसरी केबल जोडताना. दोन्हींच्या मधे पूल म्हणून एक यंत्र ठेवत. पूल बिघडला तर अडायला नको, म्हणून आणखी एक पूल ठेवावा, तर भलतेच संकट. निरोप एका पुलाने जाई, दुसऱ्याने परत येई आणि गोल गोल फिरत राही, वाढत जाई. शेवटी सगळे जाळे त्याच जुन्या निरोपाने तुंबे.

याचे उत्तर एका बाईने दिले. तिचे नाव रेडिया पर्लमन. आई प्रोग्रॅमर, वडील अभियंता, शिक्षण एमआयटी या नामांकित संस्थेत, जिथे त्या काळी मुली अगदी थोड्या. प्रोग्रॅमिंगच्या पहिल्या वर्गात सगळे जण लहानपणी बनवलेल्या हॅम रेडिओच्या गोष्टी सांगत होते, असे तिने पुढे मुलाखतीत सांगितले आहे. हॅम रेडिओ म्हणजे काय हे तिला ठाऊक नव्हते. तीच मुलगी पुढे डिजिटल इक्विपमेंटमध्ये गेली आणि १९८५ मध्ये तिने पुलांचा नियम लिहिला. पुलांनी आपापले क्रमांक एकमेकांना कळवायचे. ज्याचा क्रमांक सर्वांत लहान, तो मूळ. बाकीच्यांनी मुळाकडे जाणारी जवळची वाट धरायची आणि जादा वाटा मिटून ठेवायच्या. जाळ्याचे झाड होते, आणि झाडात गोल फिरायला जागा नसते. एखादी फांदी तुटली, की मिटलेली वाट पुन्हा उघडते. आपल्या निबंधाच्या सुरुवातीला रेडियाने या नियमाचे सार एका छोट्या कवितेत मांडले होते. हा नियम आजही जगभरच्या जाळ्यांत वापरात आहे.

आता मुद्द्याचे. ऐका, थांबा, माघार घ्या, हा नियम सगळ्यांना सारखा. मग फळही सारखेच मिळते का? तारेवर वर्दळ कमी असेल तर मिळते. वर्दळ वाढली, की एक विचित्र गोष्ट दिसू लागली. समजा, दोन यंत्रांना खूप बोलायचे आहे. पहिल्या टकरीनंतर दोघांनी फासा टाकला आणि एकाला आधी संधी मिळाली. त्याचा निरोप गेला, म्हणून त्याचा हिशेब कोरा झाला. हरलेल्याच्या खात्यावर मात्र माघार लिहिलेली राहिली. पुढची टक्कर झाली, की जिंकलेला लहान फासा टाकतो आणि हरलेला मोठा. साहजिकच जिंकलेला पुन्हा जिंकतो. ज्याने एकदा माघार घेतली, त्याच्यावर दरवेळी जास्त थांबायची पाळी येते. नियमात पक्षपाताचा एक शब्द नाही, कोणाच्या मनात वाईट नाही. तरीही एक बोलतच राहतो आणि दुसऱ्याचे पाकीट शेवटी टाकून दिले जाते.

मैत्रिणींनो, हे ऐकून आम्हाला आपल्या सभा आठवल्या. एखादी बाई बोलायला उठते, दुसरा कोणी मधेच बोलतो, ती सभ्यपणे थांबते. दुसऱ्यांदा ती जास्त वेळ वाट पाहते. तिसऱ्यांदा उठतच नाही. आणि सभेनंतर लोक म्हणतात, बायकांना काही विचारायचेच नव्हते.

अभियंत्यांनी नियम दुरुस्त करून पाहायचे प्रस्ताव मांडले. पण गुंता सुटला तो वेगळ्या वाटेने. अमेरिकेत भारतीय वंशाचे विनोद भारद्वाज आणि लॅरी ब्लेअर यांनी एक कंपनी काढली होती. तिला भारद्वाजांच्या पत्नीचे नाव दिले होते, कल्पना. या कल्पना कंपनीने १९९० मध्ये इथरनेटचा स्विच बाजारात आणला. स्विचमध्ये प्रत्येक यंत्राला स्वतःची तार मिळते. पेटी पाकिटावरचा पत्ता वाचते आणि निरोप ज्याचा त्यालाच पोहोचवते. चौघे असतील तर दोन जोड्या एकाच वेळी बोलू शकतात. पुढे येण्याची आणि जाण्याची वाट वेगळी झाली, आणि टक्कर हा प्रकारच संपला. निरोप सगळ्यांच्या कानावर पडायचा, तेही बऱ्याच अंशी थांबले. पंचायतीतली ती दिवे लुकलुकणारी पेटी पाहिलीत ना? तिचे घराणे हेच.

वायफायमध्ये मात्र हवा अजूनही सगळ्यांची एकच आहे. म्हणून आपला मोबाइल आजही आधी कानोसा घेतो, फासा टाकून थांबतो आणि पाकीट पोहोचल्यावर पोचपावतीची वाट पाहतो. हवाई बेटांवरचा जुना रामराम असा आपल्या पदरात येऊन बसला आहे.

आपल्या राज्यात कायदा सांगतो, की ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावी. पुष्कळ ठिकाणी ती कागदावरच उरकतात, आणि कोणी विचारले तर म्हणतात, ग्रामसभा सगळ्यांना खुली असताना बायकांना वेगळी सभा कशाला? त्यांना ही यंत्रांची गोष्ट जरूर सांगा. एकाच तारेवर सगळ्यांना मोकळीक दिली, तरी जे थांबतात ते थांबतच जातात. त्यांच्यासाठी एक वेगळी तार ओढावी लागते. पुढच्या महिला सभेची तारीख पंचायतीत जाऊन विचारा, आणि सभेत पहिल्या ठरावापासून बोला.