इतिहासाचे तत्त्वज्ञान : धानोऱ्याच्या संदर्भात

काय घडले ते सांगणे हे इतिहासाचे काम. जे घडले त्याला काही दिशा आहे का, त्याला गती कोण देते आणि ते घडले हे मानायला कोणता पुरावा पुरतो, हे प्रश्न इतिहासाच्या तत्त्वज्ञानाचे आहेत. पहिल्या दोन प्रश्नांवर ग्रंथ पुष्कळ आहेत. तिसरा प्रश्न रुक्ष समजून बाजूला पडतो. गडचिरोली जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, छत्तीसगडला लागून असलेल्या धानोरा तालुक्यात मात्र जंगल कोणाचे हे त्याच प्रश्नाच्या उत्तरावर ठरले.

काळाच्या गतीची सर्वांत जुनी कल्पना चक्राची आहे. पुराणांतील चार युगे सत्यापासून कलीपर्यंत उतरत जातात आणि फेरा पुन्हा सुरू होतो. पाचव्या शतकात संत ऑगस्टीन यांनी हे चक्र नाकारले. त्यांच्या मते इतिहास ही सृष्टीच्या निर्मितीपासून अंतिम न्यायापर्यंत जाणारी एकच ईश्वरी योजना आहे. अरब इतिहासकार इब्न खल्दून यांनी १३७७ मध्ये ‘मुकद्दिमा’ लिहिताना ईश्वरी योजनेपेक्षा समाजाच्या घडणीकडे पाहिले. वाळवंटातील टोळ्यांची आपसांतली एकजूट त्यांना राज्य मिळवून देते आणि नगरातील सुखात ती एकजूट विरली की राज्यही जाते, असे त्यांनी दाखवले. इटलीतील व्हिको यांनी १७२५ मध्ये आणखी एक पाऊल टाकले. माणसाला इतिहास कळू शकतो, कारण तो माणसानेच घडवलेला आहे. दंतकथा आणि दैवतकथा या तर आदिम माणसाच्या विचाराच्या नोंदीच आहेत, असे त्यांचे म्हणणे. वनप्रदेशाचा इतिहास लिहू पाहणाऱ्याने व्हिको वाचायलाच हवेत.

हेगेल यांनी १८२२ पासून बर्लिनमध्ये दिलेल्या व्याख्यानांत इतिहास म्हणजे स्वातंत्र्याच्या जाणिवेची वाटचाल ठरली. मात्र खरा इतिहास राज्यसंस्था आणि लेखन यांच्यासोबतच सुरू होतो, असे मानून त्यांनी कित्येक लोकसमूहांना इतिहासाबाहेर ठेवले. ही कसोटी तिच्याच अटींवरही गडचिरोलीशेजारच्या चंद्रपूरला टिकत नाही. येथे गोंड राजांचे राज्य होते, कोट होता, तलाव होते आणि ते राज्य १७५१ मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे गेले. पण आपला मुद्दा राजांपुरता नाही. वैनगंगेच्या पूर्वेकडील, म्हणजे धानोऱ्याच्या बाजूच्या, जंगलात ज्या गावांनी स्वतःचे राज्य कधी उभारले नाही, त्यांनाही भूतकाळ होता, आणि हेगेलच्या चौकटीत त्याला जागा नाही. मार्क्स यांनी जाणिवेच्या जागी उत्पादनाची साधने आणि संबंध आणले. इतिहास टप्प्याटप्प्याने पुढे जातो ही कल्पना मात्र त्यांच्याकडेही राहिली.

मराठीत इतिहासाचा विचार प्रथम पीडितांच्या बाजूने मांडला तो जोतीराव फुले यांनी. ‘गुलामगिरी’ (१८७३) या पुस्तकात त्यांनी दशावतारांच्या कथा आक्रमणाच्या आठवणी म्हणून वाचल्या आणि बळीराजाला इतिहासाच्या मध्यभागी आणले. पराभूतांचा इतिहास जेत्यांच्याच पुराणात दडलेला असतो, ही त्यांची पद्धत. तिच्यातील तपशिलांवर वाद घालता येईल. तिने खुला केलेला मार्ग पुढे बुजला नाही. याउलट वि. का. राजवाडे यांनी अस्सल कागद हाच पाया धरला. १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे खंड निघू लागले आणि त्यांच्या प्रस्तावनांत इतिहासशास्त्राची चर्चा आली. दप्तरे, बखरींची चिकित्सा, शकावली यांची शिस्त महाराष्ट्राला लागली ती राजवाडे यांच्यामुळे. पण ज्या गावात दप्तरच नव्हते, त्याचे काय करायचे याचे उत्तर या शिस्तीत नव्हते.

इतिहासाला गती कोण देते या प्रश्नावर मराठी मुलखात झालेले सर्वांत नेटके विवेचन डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे आहे. १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्या जयंतीनिमित्त त्यांनी भाषण केले. पुढे ते ‘रानडे, गांधी आणि जीना’ या नावाने छापले गेले. रानडे थोर होते का, हे ठरवण्याआधी थोर पुरुष इतिहास घडवतात का हे पाहिले पाहिजे, म्हणून त्यांनी ऑगस्टीन, इंग्रज इतिहासकार बकल आणि मार्क्स हे तिघे तपासायला घेतले. एकाच्या मते ईश्वर, दुसऱ्याच्या मते भूगोल आणि निसर्ग, तिसऱ्याच्या मते अर्थकारण इतिहास घडवते. तिघांच्याही हिशेबात माणूस नाही. निसर्ग आणि अर्थकारण यांचे बळ आंबेडकरांनी मान्य केले, पण त्यांना दिशा देण्यासाठी माणूस लागतोच, असा निर्णय दिला. चकमकीच्या दगडाची उपमा त्यांनी येथे वापरली आहे : गारगोटीत ठिणगी असली तरी ती पाडायला कोणाला तरी गारगोटी घासावी लागते.

गोव्यात जन्मलेले दा. ध. कोसंबी (१९०७–१९६६) यांनी कागदाबाहेरचा पुरावा शास्त्रीय केला. भारतीय इतिहासाच्या अभ्यासाविषयीच्या १९५६ मधील ग्रंथात त्यांनी नाणी, अवजारे, ग्रामदैवते आणि रूढी यांतून भूतकाळ वाचला. टोळीचे जातीत रूपांतर ही त्यांना या देशाच्या इतिहासातील मूलभूत प्रक्रिया वाटत होती. तेथे एक अडचण उरते. आदिवासी जीवनाला मागील टप्प्याचा अवशेष म्हटले, की आज जिवंत असलेल्या माणसाला आपण कालचा ठरवतो.

स्वतः गोंड परंपरेत मात्र भूतकाळाची रचना कुळांनी होते. चारदेवे, पाचदेवे, सहादेवे, सातदेवे हे गट, त्यांची पेन म्हणजे दैवते, आणि कोणाशी सोयरीक होते व कोणाशी होत नाही हे नियम, यांत पूर्वजांची स्मृती साठवलेली आहे. पहांदी पारी कुपार लिंगो यांनी ही व्यवस्था घालून दिली असे मानतात. गोंदिया जिल्ह्यातील कचारगडच्या गुहेशी ती कथा जोडलेली असून माघ पौर्णिमेला तेथे यात्रा भरते. डॉ. मोतीरावण कंगाली यांनी हे दर्शन ग्रंथरूपाने मांडले. शकावली येथे नाही, पण क्रम आहे.

इंग्रजांनी १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा केल्यावर या भागावर दुसराच इतिहास लिहिला गेला : बंदोबस्ताचे अहवाल, जमीनदाऱ्यांच्या याद्या, राखीव वने. स्वातंत्र्यानंतर, हा भाग तेव्हा ज्यात होता त्या मध्य प्रदेशाच्या कायद्याने १९५१ मध्ये जमीनदारी संपली. जंगल सरकारकडे गेले, आणि लोकांकडे निस्ताराचे, म्हणजे घरगुती गरजेपुरते जंगल वापरण्याचे, हक्क तेवढे उरले.

२००६ च्या वनहक्क कायद्याने आपल्या उद्देशिकेत ‘ऐतिहासिक अन्याय’ हा शब्द वापरला. संसदेने इतिहासाविषयी दिलेला हा निर्णय आहे आणि त्याचे मोल मोठे आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे कायद्याखालील नियमांनी पुराव्याची व्याख्या रुंदावली. गॅझेटिअर आणि निस्तारपत्रकासोबत विहिरी, दफनभूमी, पवित्र स्थाने, वंशावळ आणि वडीलधाऱ्यांचे लिहून घेतलेले निवेदनही ग्राह्य ठरले. मात्र एकाहून अधिक पुरावे हवेत. राजवाडे यांची चिकित्सा आणि गावाची आठवण यांना एकाच फायलीत बसावे लागले. तरी भेद राहिला : अनुसूचित जमातींखेरीज इतर पारंपरिक वननिवासींना तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, रहिवास दाखवावा लागतो. कागद नसलेल्या कुटुंबासाठी ही अट फार जड आहे.

धानोऱ्याजवळ कठाणी नदीच्या परिसरात असलेले मेंढा (लेखा) हे गोंड गाव या बदलाचे ठळक उदाहरण आहे. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा तेथे कायद्याच्या कितीतरी आधीपासून दिली जात होती. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सहभागाने गावात अभ्यासगट चालत. निर्णय बहुमताने नव्हे तर सर्वसहमतीने घेतले जात. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. तरीही बांबू विकायला वाहतूक परवाना मिळेना. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. मिलिंद बोकील यांनी ‘गोष्ट मेंढा गावाची’ या पुस्तकात ही वाटचाल लिहिली आहे. २०१३ मध्ये गावाने आपली जमीन ग्रामदान कायद्याखाली ग्रामसभेच्या स्वाधीन करण्याचे ठरवले. हा कायदा १९६४ चा, विनोबा भावे यांच्या ग्रामदान चळवळीतून आलेला. ती चळवळ संपली असे मानले जात असताना मेंढ्याने तो उचलला.