सांडलेल्या उजेडाचा हिशेब

माझे बालपण मलकापुरास गेले. दिवाळीत पणत्या लावून झाल्या की आम्हा पोरांचा एक उद्योग चाले. फुटक्या तावदानाचा तुकडा घेऊन त्याची एक कड पणतीशी धरावयाची आणि समोरची कड हिरवट उजळलेली पाहावयाची. काचेवर चरा असला तर तोही चमके. वडील म्हणत, “तेवढा उजेड वाटेतच सांडला!” या सांडलेल्या उजेडाचा हिशेब शास्त्रज्ञांनी कसा मांडला, ती हकीकत मोठी मौजेची आहे.

दाट पदार्थातून विरळ पदार्थाच्या सीमेवर फार तिरपा आलेला किरण बाहेर न पडता आतच परततो. 1841 साली जिनिव्हात कोलादों यांनी पाण्याच्या वाकत्या धारेत उजेड असाच कोंडून दाखविला. पुढे काचेवर केसाहूनही कितीतरी पातळ थर चढवून त्यातून प्रकाश नेण्याची कल्पना निघाली. पण एवढ्याशा थरात किरण शिरावा कसा? 1969 साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत टिएन व त्यांचे सहकारी यांनी थरावर लोलक दाबून बसविला. ठराविक कोनांतच लेसरचा किरण थरात उतरे आणि लोलकातून परतणारा प्रकाश नेमका तेथे मंदावे. ते कोन मोजले की थराची जाडी व प्रकाश वाकविण्याची शक्ती कळते.

आत शिरलेला प्रकाश थराच्या खडबडीतपणामुळे विखुरतो, म्हणून थरावर तेजस्वी रेघ दिसते. रेघेवरून प्रकाशमापक सरकवीत गेले की तेज कसे घटते ते समजते. एका सेंटिमीटरात ते निम्मे झाले तर नुकसान 3 डेसिबल. निर्दोष थर वरून काळोखाच दिसेल. दिसते ती रेघ नुकसानीची!

मलकापूरहून रत्नागिरी रस्त्याने कोल्हापूर गाठले की तेथे 1962 साली स्थापन झालेले शिवाजी विद्यापीठ लागते. तेथील पदार्थविज्ञान विभागात या शतकाच्या आरंभी बिस्मथ ऑक्साइडचे असे थर अभ्यासले गेले. थर जमविताना वाफेच्या वाटेत फिरते पाते ठेवून ती मधूनमधून अडवावयाची, अशी युक्ती तेथे योजिली होती. तिने थर अधिक गुळगुळीत बसतो व उजेड कमी सांडतो.

गेल्या दिवाळीत नातवाने काच पणतीशी धरली आणि चरा चमकताच टाळ्या पिटल्या. मी मात्र समोरच्या कडेला किती उजेड पोहोचला, तेच पाहत होतो.