हैदराबादचें क्लोरोफॉर्म-मंडळ आणि चहाचा घोट

शस्त्रक्रियेच्या दिवशीं पहांटे नांदेडच्या किंवा लातूरच्या रुग्णालयांत एक प्रसंग वारंवार घडतो. रुग्णाला तोंडानें कांहीं देऊं नये, अशी ताकीद रात्रींच मिळालेली असते. परंतु मुलाचा घसा कोरडा पडलेला पाहून आईचा जीव राहत नाहीं. ‘नुसता घोटभर चहा तर आहे,’ असें म्हणून ती बशी पुढें करते. भूल देणारे डॉक्टर चौकशी करतात, चहाची गोष्ट उघडकीस येते आणि शस्त्रक्रिया लांबणीवर पडते. घरची मंडळी नाराज होतात. त्या नाराजीचें उत्तर इतिहासांत आहे. आणि त्या इतिहासाचें एक मोठें प्रकरण, नांदेड व लातूर हीं गांवें १९४८ पर्यंत ज्या राज्यांत होतीं, त्या निजामी राज्याच्या राजधानींतच लिहिलें गेलें.

एडिंबरोच्या सिम्सन यांनीं १८४७ सालीं क्लोरोफॉर्मचा उपयोग सुरू केला. पुढच्याच जानेवारींत इंग्लंडांतील न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचें नख काढण्यासाठीं भूल दिली असतां कांहीं क्षणांतच मरण पावली. ती हृदय बंद पडून गेली, असें कित्येकांचें मत पडलें. तर तिला सावध करण्यासाठीं तोंडांत घातलेलें पाणी व ब्रँडी हेंच तिच्या गुदमरण्याचें कारण, असें सिम्सन यांनीं प्रतिपादन केलें. हा वाद केवळ पंडितांचा नव्हता. भूल देणाऱ्यानें नाडीवर बोट ठेवावें कीं श्वासावर लक्ष ठेवावें, हें त्यावर अवलंबून होतें. आणि चूक झाल्यास प्राण रुग्णाचे जात.

१८८५ मध्यें एडवर्ड लॉरी हे हैदराबादच्या वैद्यकीय शाळेचे प्रमुख झाले. एडिंबरोचे प्रसिद्ध शस्त्रवैद्य साइम यांचे ते शिष्य. श्वास सांभाळा, हृदय आपोआप सांभाळलें जाईल, ही गुरूची शिकवण त्यांच्या हाडींमासीं खिळली होती. ती सिद्ध करण्यासाठीं १८८८ सालीं पहिलें क्लोरोफॉर्म-मंडळ बसलें. त्याचे निष्कर्ष लंडनच्या ‘लॅन्सेट’ पत्राला पटेनात. तेव्हां सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या दरबारानें एक हजार पौंड देऊं केले, आणि १८८९ मध्यें ‘लॅन्सेट’च्या वतीनें लॉडर ब्रंटन हैदराबादेस आले. हृदयशूळावर अमिल नायट्राइट हें औषध १८६७ सालीं पुढें आणणारे हेच ब्रंटन. धोका हृदयालाच आहे, अशा समजुतीनें ते आले होते. चारशेंहून अधिक प्राण्यांवर प्रयोग झाले, आणि श्वास आधीं थांबतो, हृदय मागाहून, असें त्यांनींही मान्य केलें. लॉरी यांच्या हाताखालीं शिकलेल्या रूपाबाई फर्दुनजी यांनीं भूल देण्याच्या कामांत नांव मिळविलें. त्या जगांतील अगदीं पहिल्या स्त्री-भूलतज्ज्ञांपैकीं एक होत.

परंतु निर्णय अपुरा होता. प्रयोगांत क्लोरोफॉर्म बेसुमार दिला जाई, आणि तशा अवस्थेंत श्वास आधीं थांबतो, हें खरें. १९११ सालीं गुडमन लेव्ही यांनीं दाखविलें कीं, भूल अर्धवट असतां शरीरांत अ‍ॅड्रिनॅलिनचा जोर झाला, तर हृदयाचे ठोके विस्कळीत होऊन तें अकस्मात् बंद पडतें. भयभीत माणसाच्या रक्तांत हेंच द्रव्य उसळतें. अर्थात् श्वास पाहणारे व हृदय पाहणारे, दोघांपाशींही अर्धें अर्धेंच सत्य होतें.

आतां चहाची गोष्ट. साइम यांचे जांवई लिस्टर यांनीं १८८३ सालीं लिहून ठेवलें कीं, क्लोरोफॉर्म देतांना पोटांत घन अन्न नसावें, मात्र सुमारें दोन तास आधीं कपभर चहा दिलेला हितकर होय. पुढें १९४६ सालीं न्यूयॉर्कच्या मेंडेलसन यांनीं ४४,०१६ बाळंतिणींची नोंद तपासली. त्यांपैकीं ६६ जणींच्या फुप्फुसांत पोटांतील ऐवज शिरला होता, आणि घन अन्नानें गुदमरून दोघी दगावल्या होत्या. भुलेंत गिळण्याचें व खोकण्याचें भान सुटतें. पोटांतील अन्न वर येऊन श्वासमार्गांत उतरतें. म्हणून मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही नको, असा कडक नियम रूढ झाला.

आज तो नियम सैल झाला आहे. सर्वसाधारणपणें हलकें अन्न सहा तास आधीं बंद करावें, आणि पाणी किंवा बिनदुधाचा चहा यांसारखें स्वच्छ पेय दोन तास आधींपर्यंत चालतें. परंतु आपल्याकडचा चहा दुधाचा. दूध पोटांत दह्याप्रमाणें घट्ट होतें, म्हणून तो अन्नाच्या हिशेबांत धरला जातो. लिस्टरचा चहा आणि नांदेडच्या आईचा चहा यांत हा भेद आहे. रोज चार-पांच कप घेणाऱ्याचें चहावांचून डोकें दुखतें, हेंही खरें. ती गोष्ट डॉक्टरांना आधींच सांगावी, लपवूं नये. पोट मंदपणें रिकामें होणारे मधुमेही व गर्भवती यांच्या बाबतींत तर त्यांचाच शब्द अखेरचा.

खरी तयारी मात्र त्या पहांटेची नव्हे, तर कित्येक महिन्यांची असते. रक्तदाब वाढला तरी बहुधा जाणवत नाहीं. तो मोजावाच लागतो, आणि मोजण्यापूर्वीं अर्धा तास चहा-तंबाखू वर्ज्य करावी लागते. भाकरी व तुरीचें वरण हा मराठवाड्याचा आहार मुळांत वाईट नाहीं. त्याभोंवतीं लोणचें, पापड आणि वरून घेतलेलें मीठ जमतें, तें जपावें. दिवसाला पांच ग्रॅमपेक्षां कमी मीठ पुरे, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. शस्त्रक्रियेपूर्वीं निदान चार आठवडे धूम्रपान सोडल्यास जखमेचे व फुप्फुसाचे उपद्रव कमी होतात.

हैदराबादेंत एवढ्या प्राण्यांचे बळी गेले, तरी शहाण्या माणसांचा आग्रह चुकला. कारण जें पाहावयाचें नव्हतें, तें त्यांनीं पाहिलेंच नाहीं. आईच्या हातांतील बशींतही माया तेवढी दिसते, धोका दिसत नाहीं. ती बशी भूल उतरल्यावर, डॉक्टरांनीं होय म्हटल्यावर पुढें करावी. तिची गोडी तेव्हां अधिकच लागेल.