जर्मनीत नोकरी लागली, व्हिसाही मिळाला. पण निवास परवान्याचं काय? धार-देवासकरांसाठी सविस्तर माहिती

धार/देवास : पिथमपूरच्या कारखान्यातला फिटर असो की इंदूरच्या कॉलेजातून शिकलेला देवासचा इंजिनीअर, जर्मनीची वाट आता माळव्यातल्या मराठी घरांनाही परकी राहिलेली नाही. कुशल भारतीयांना दिल्या जाणाऱ्या व्हिसांची संख्या वर्षाला 20 हजारांवरून 90 हजारांवर नेण्याचे जर्मनीने ऑक्टोबर 2024 मध्ये जाहीर केले. त्याच वर्षी महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. तेव्हा 'आपण तर मध्य प्रदेशचे, आपल्याला काय नियम?' असा प्रश्न इकडे निघतो. उत्तर सोपे आहे : निवास परवान्याचा कायदा संपूर्ण जर्मनीत एकच आहे. अर्जदार कोल्हापूरचा की धारचा, याने त्यात फरक पडत नाही.

फरक पडतो तो तारखांनी आणि कागदांनी.

व्हिसा वेगळा, परवाना वेगळा

पासपोर्टवर चिकटवलेला 'डी' व्हिसा हा देशात शिरण्यासाठी आणि काम सुरू करण्यासाठी असतो. त्याला मुदत असते. पुढे राहायचे तर तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयात, म्हणजे 'आउसलेंडरबेहोर्डे'मध्ये, निवास परवान्याचा अर्ज करावा लागतो. हा अर्ज आपोआप होत नाही. कंपनीने मदत केली तरी जबाबदारी कामगाराचीच.

व्हिसासाठी 1 जानेवारी 2025 पासून जर्मनीच्या परराष्ट्र खात्याच्या पोर्टलवर ऑनलाइन अर्ज करता येतो. मध्य प्रदेशचे अर्जदार मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासाच्या कक्षेत येतात, दिल्लीच्या नाही. व्हिसाचे शुल्क 75 युरो आहे.

कोण कोणत्या गटात बसतो?

पदवीधर : विद्यापीठ आणि पदवी दोन्ही 'आनाबिन' या जर्मन यादीत मान्य आहेत का, ते आधी पाहावे. पगार ठरावीक पातळीच्या वर असेल तर 'ब्लू कार्ड' मिळते. 2025 साठी ही पातळी वर्षाला 48,300 युरो. इंजिनीअरिंगसारख्या टंचाईच्या क्षेत्रांत आणि गेल्या तीन वर्षांत पदवी घेतलेल्यांना 43,759.80 युरो. हे आकडे दर जानेवारीत बदलतात.

आयटीआयवाले : फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन हे ट्रेड दोन वर्षांचे आहेत, वेल्डर एक वर्षाचा. हा फरक इथे फार महागात पडतो, कारण किमान दोन वर्षांचे प्रशिक्षण ही पुढच्या दोन वाटांची अट आहे. एक वाट 'मान्यता भागीदारी'ची : 'ए-2' पातळीचे जर्मन हवे, नोकरी सुरू करायची आणि प्रमाणपत्राची मान्यता तिथे राहून मिळवायची. दुसरी अनुभवाची : गेल्या पाच वर्षांत किमान दोन वर्षांचा अनुभव आणि साधारणपणे ठरावीक पगार (2025 साठी 43,470 युरो). प्रमाणपत्र जर्मन प्रशिक्षणाच्या तोडीचे ठरले, तर कुशल कामगाराचा नेहमीचा परवाना मिळतो. कारखान्यातल्या बहुतेक ट्रेडची ही तपासणी न्युर्नबर्गची 'आयएचके फोसा' ही संस्था करते.

वय 45 च्या पुढे असेल आणि पहिल्यांदाच नोकरीसाठी जायचे असेल, तर पगाराची किंवा पेन्शनची वेगळी अट लागते.

उतरल्यावर पहिले पंधरा दिवस

घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी, म्हणजे 'आनमेल्डुंग', करायची असते. त्यासाठी घरमालकाचे सही केलेले पत्र लागते. भाड्याने खोली घेताना हे पत्र मिळणार का, हे आधीच विचारावे. नुसता मित्राच्या घरी मुक्काम टाकून हे काम होत नाही. नोंदणी नसेल तर पुढची गाडी अडते.

मग आरोग्य विमा, बँक खाते आणि कराचा क्रमांक. परवान्याच्या अर्जाला साधारणपणे पासपोर्ट, नोकरीचा करार, पगाराच्या स्लिपा, विम्याचा दाखला, पत्त्याची नोंद आणि शिक्षणाचे कागद लागतात. मे 2025 पासून फोटो डिजिटल हवा; धारच्या स्टुडिओतून काढून नेलेले कागदी फोटो चालत नाहीत.

मुदत संपण्याआधी अर्ज

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच. मोठ्या शहरांत अपॉइंटमेंटसाठी महिनोन्‌महिने थांबावे लागते, म्हणून व्हिसा संपायच्या तीन-चार महिने आधीच हालचाल करावी. मुदतीत अर्ज दाखल झाला, तर निर्णय होईपर्यंत जुना हक्क, कामाचाही, चालू राहतो. तसा दाखला मिळतो, त्याला 'फिक्ट्सिओन्सबेशाइनिगुंग' म्हणतात. मुदत उलटली तर काम करण्याचा हक्कच धोक्यात येतो. अर्ज केल्याची पोच, ईमेल असला तरी, जपून ठेवावी.

दिवाळीला घरी यायचे असेल तर त्या दाखल्यावर कलम 81, पोटकलम 4 ची खूण आहे ना, ते पाहूनच तिकीट काढावे. ती असेल तर परत जाता येते.

परवान्याचे कार्ड बर्लिनच्या सरकारी छापखान्यात तयार होते. देवासकरांना नोटांच्या प्रेसमुळे असा कारभार नवा नाही. कार्डासाठी बोटांचे ठसे घेतात, शुल्क साधारण 100 युरो. कुशल कामगाराचा परवाना चार वर्षांपर्यंतचा असतो. करार त्याहून कमी असेल तर त्या मानाने कमी.

नावाचा घोळ इथेच मिटवा

आपल्याकडचा खरा त्रास हा. मराठी रीतीने नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव लिहितात. मध्य प्रदेशच्या मार्कशीटवर पुष्कळदा नुसते नाव-आडनाव असते. त्यात एकच आडनाव इंग्रजीत एका कागदावर 'पवार', दुसऱ्यावर 'पुआर', तिसऱ्यावर 'पंवार' असे उमटते. धार-देवासला हे नवल नाही, पण जर्मन कारकुनाला ही तीन वेगळी माणसे वाटू शकतात. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांच्या पदव्या माहेरच्या नावाने असतात, तोही प्रश्न. पासपोर्ट काढण्याआधीच स्पेलिंग जुळवून घ्यावे. तफावतीसाठी शपथपत्र जोडतात, पण ते दुरुस्तीची जागा घेत नाही.

हिंदीतल्या कागदांचे जर्मन भाषांतर शपथबद्ध भाषांतरकाराकडून करून घ्यावे. लग्नाचे सर्टिफिकेट रजिस्ट्रारचे हवे, पत्रिका आणि फोटो पुरत नाहीत.

अपोस्टीलवर पैसे घालवण्याआधी

भारत 2005 पासून अपोस्टील करारात आहे, पण जर्मनीने भारताच्या प्रवेशाला हरकत घेतली होती. त्यामुळे भारतीय अपोस्टीलला तिथे कायदेशीर वजन नाही. 'अपोस्टीलशिवाय जर्मनीचं काम होत नाही' म्हणणाऱ्याला दूतावासाच्या यादीत ती अट दाखवायला सांगावे.

एजंटाचा परवाना 'ई-मायग्रेट' पोर्टलवर तपासता येतो. नोंदणीकृत एजंटाला सेवाशुल्क म्हणून 30 हजार रुपये अधिक जीएसटी एवढेच घेता येतात.

नोकरी सुटली तर

करार मुदतीआधी संपल्याचे कळल्यापासून दोन आठवड्यांत कामगाराने परदेशी नागरिक कार्यालयाला कळवायचे असते. लपवून ठेवणे अंगाशी येते. ब्लू कार्डवाल्याने पहिल्या बारा महिन्यांत नोकरी बदलली तर तेही कळवावे लागते.

पुढची पायरी

नियमित पेन्शन कापली जात असेल तर ब्लू कार्डवाल्याला 27 महिन्यांनी कायम वास्तव्यासाठी अर्ज करता येतो. 'बी-1' जर्मन येत असेल तर 21 महिन्यांनीच. मान्यताप्राप्त कुशल कामगाराला तीन वर्षांनी. म्हणून पहिल्या परवान्याची तारीख चुकू न देणे, हीच पुढच्या सगळ्या हिशेबाची सुरुवात.