मूळ प्रत आणि मिस्त्रीचा हात

अमेरिकेतील ‘मसल कार’चा इतिहास बहुधा १९६४ सालापासून सांगितला जातो. जनरल मोटर्सच्या पाँटिअ‍ॅक विभागाने त्या वर्षी ‘जीटीओ’ बाजारात आणली, हे खरे. परंतु मध्यम आकाराच्या स्वस्त गाडीत मोठे इंजिन बसवावे, ही कल्पना मात्र कारखान्याची नव्हे. १९३२ मध्ये फोर्डने सामान्य माणसाच्या मोटारीत ६५ अश्वशक्तीचे व्ही-८ इंजिन दिले. पुढे याच गाड्या जुन्या झाल्यावर कॅलिफोर्नियातील तरुणांनी त्या विकत घेतल्या, मडगार्ड उतरवून वजन घटविले, इंजिने उघडून त्यांची ताकद वाढविली आणि मोहावे वाळवंटातील कोरड्या सरोवरांच्या सपाट तळांवर त्या पळविल्या. या शर्यतींना शिस्त लावणारी संघटना १९३७ मध्ये स्थापन झाली. कारखान्याची वस्तू ही अंतिम नसून केवळ कच्चा मजकूर आहे, ही या मंडळींची धारणा होती.

जीटीओचा जन्मही असाच आडवाटेने झाला. जनरल मोटर्सने जानेवारी १९६३ मध्ये आपल्या विभागांना शर्यतींत उतरण्याची बंदी केली. मध्यम गाड्यांना ३३० घन इंचांहून मोठे इंजिन देऊ नये, असाही दंडक होता. मुख्य अभियंता जॉन डिलोरियन आणि त्यांचे सहकारी बिल कॉलिन्स व रस गी यांच्या ध्यानात आले, की पाँटिअ‍ॅकची ३२६ व ३८९ घन इंचांची इंजिने बाहेरून एकाच मापाची असल्याने लहानाच्या जागी मोठे सहज बसते. नवे मॉडेल म्हटले असते तर परवानगी लागली असती. म्हणून ‘टेंपेस्ट ल मान्स’ या गाडीवरचा ऐच्छिक संच, अशी त्याची नोंद झाली. किंमत २९५ डॉलर. पाच हजार गाड्या खपाव्यात अशी अपेक्षा होती; पहिल्या वर्षी ३२,४५० खपल्या.

मार्च १९६४ मध्ये ‘कार अँड ड्रायव्हर’ मासिकाने या गाडीची तुलना थेट फेरारीच्या जीटीओशी केली आणि तिची कीर्ती देशभर झाली. चाचणीसाठी दिलेल्या गाडीत ३८९ ऐवजी ४२१ घन इंचांचे इंजिन होते, अशी कबुली पाँटिअ‍ॅकच्या जाहिरातीचे काम पाहणाऱ्या जिम वँगर्स यांनी अनेक वर्षांनी दिली. मिशिगनमधील ‘रॉयल पाँटिअ‍ॅक’ या विक्रेत्याच्या कार्यशाळेत ती सिद्ध झाली होती. म्हणजे ज्या गाडीने कारखान्याचे नाव झाले, ती कारखान्यातून आली तशी राहिलेली नव्हती!

या कार्यशाळांतील काम बारकाव्यांचे असे. पातळ गॅस्केट घालून सिलिंडरातील दाब वाढवायचा, कार्बुरेटरचे जेट बदलायचे, ठिणगीची वेळ नव्याने बांधायची. पण एक भाग बदलला की बाकीचे भाग जाब विचारतात. ताकद वाढली की रेडिएटर अपुरा पडतो, मागचा आस कुरकुरतो. आणि पळणारी गाडी थांबवायची कशी, हा प्रश्न उरतोच. १९६४ च्या जीटीओला चारही चाकांवर ड्रम ब्रेकच होते. चांगला मिस्त्री म्हणूनच इंजिनाआधी संपूर्ण गाडीचा विचार करतो. पेनसिल्व्हेनियातील डॉन येंको या विक्रेत्याने १९६७ पासून नव्या कॅमेरो गाड्यांची इंजिने उतरवून ४२७ घन इंचांची बसविली. १९६९ मध्ये शेव्हरलेनेच त्याच्यासाठी तशा गाड्या खास मागणीनुसार बनवून दिल्या. कारखाना पुन्हा एकदा मिस्त्रीच्या मागून गेला.

पुढे १९७० चा स्वच्छ हवा कायदा, विम्याचे वाढते हप्ते आणि १९७३ ची तेलबंदी यांनी हे युग आवरते घेतले. रस्त्यावरच्या गाड्या संग्राहकांच्या वस्तू झाल्या. इंजिनावरचा क्रमांक आणि गाडीचा क्रमांक जुळला, की गाडी ‘अस्सल’. आपल्या परिभाषेत बोलायचे तर मूळ संहितेला मोल आले आणि प्रत्येक फेरफार प्रक्षेप ठरला. उलट बाजूला, जुन्या सांगाड्यात आधुनिक इंजिन व डिस्क ब्रेक घालणारे कारागीर आहेत. त्यांच्यावर इतिहास बिघडविल्याचा आरोप होतो.

आम्हांला हा आरोप अर्धाच मान्य आहे. अस्पर्श राहिलेली गाडी हा पुरावा असतो आणि पुरावा एकदा कापला की परत जोडता येत नाही. म्हणून दुर्मीळ गाडीला हात लावू नये, हे रास्तच. परंतु फेरफार हाच ज्या वस्तूचा इतिहास, तिथे केवळ अस्पर्श प्रती जपल्या, तर ज्यांनी रात्री जागून गाड्या घडविल्या त्या अनामिक मिस्त्र्यांची आठवण पुसली जाईल. १९६७ च्या येंको कॅमेरोत कारखान्याचे इंजिन नसणे, हीच तिच्या अस्सलपणाची खूण आहे. प्रतिष्ठित विक्रेत्याचा फेरफार वारसा आणि गल्लीतल्या मिस्त्रीचा फेरफार बिघाड, हा न्याय इतिहासाचा नसून लिलावाचा आहे. आज नव्याने गाडी घडविणाऱ्याने काढलेले भाग जपून ठेवावेत, काय बदलले ते कारागिराच्या नावासह लिहून ठेवावे आणि मग निःसंकोच बदलावे. पाठभेदांची नोंद असली, की पुढच्या अभ्यासकाला मूळ प्रतही सापडते आणि ती कोणी, का बदलली हेही कळते.