निवेदकाचे मौन: ‘सायको’चा ट्रेलर

‘ट्रेलर’ हे नाव मुळात चित्रपटाच्या शेपटाला जोडलेल्या जाहिरातीचे. पुढे ती खेळाआधी दाखवली जाऊ लागली, तरी निवडक दृश्यांचे तुकडे आणि त्यांवर भडक अक्षरे हाच तिचा संकेत दीर्घकाळ टिकला. ‘सायको’च्या (१९६०) सुमारे साडेसहा मिनिटांच्या ट्रेलरमध्ये हिचकॉकने तो मोडला. स्वतः वाटाड्या होऊन तो मोटेल दाखवत हिंडतो. खून कोठे झाले हेही सांगतो, मात्र वाक्ये अर्धवट सोडतो. गुन्हा असा भूतकाळात गेल्याने ‘काय घडणार’ याऐवजी ‘कसे घडले’ हे कुतूहल जागते. या संथ फेरफटक्याअखेर न्हाणीघराचा पडदा एकाएकी सरकतो, किंकाळी फुटते. किंचाळणारी नटी व्हेरा माइल्स; चित्रपटात तेथे मरते ती जॅनेट ली. इतके सांगूनही बळी कोण, हे गुप्तच!