रुळांचे माप आणि यंत्रांच्या खोडी : यूएसबी होस्ट कंट्रोलरच्या इतिहासातील एक प्रकरण

परभणीवरून जाणारा मनमाड–सिकंदराबाद लोहमार्ग १९०० च्या सुमारास निजामाच्या राज्यात बांधला गेला, तो मीटरमापी होता. मनमाडचा ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग मात्र रुंदमापी. त्यामुळे परभणीकडून मुंबईस जाणारा माल मनमाडास एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढवावा लागे. दोन यंत्रणांतील विसंगतीचा भार असा सांध्यावर राबणाऱ्यांवर पडतो. संगणकाच्या इतिहासातही हाच प्रकार दिसून येतो.

यूएसबीचे पहिले प्रमाणपत्रक जानेवारी १९९६ मध्ये निघाले. सर्व उपकरणांना एकच जोडणी मिळावी, हा त्याचा हेतू होय. तथापि संगणकाच्या बाजूने ही वाहतूक चालविणाऱ्या होस्ट कंट्रोलरचे आरंभापासूनच दोन पंथ झाले : इंटेलचा यूएचसीआय आणि कॉम्पॅक, मायक्रोसॉफ्ट व नॅशनल सेमिकंडक्टर यांचा ओएचसीआय. पुढे यूएसबी २.० साठी ईएचसीआय आला. सर्व वेग एकट्याने सांभाळणारा एक्सएचसीआय २०१० मध्ये सिद्ध झाला. पत्रके एकरूप झाली, परंतु प्रत्यक्ष चिपा त्यांच्याबरहुकूम वागतच, असे नाही.

लिनक्सच्या ड्रायव्हरांत याचे पुरावे जतन झाले आहेत. फ्रेस्को लॉजिकची एक चिप एमएसआय या पद्धतीने सूचना देता येत असल्याचे आपल्या नोंदीत सांगते. वस्तुतः तिला ते साधत नाही. सबब ड्रायव्हर तिच्या दाव्यावर विश्वास न ठेवता जुनी पद्धत वापरतो. एएमडीच्या काही चिपांत वीजबचतीमुळे ध्वनी व चित्र यांच्या कालबद्ध प्रवाहास विलंब होई. तो प्रवाह चालू असेतो ड्रायव्हर ती बचतच बंद ठेवतो. प्रारंभी कंट्रोलर बायॉसच्या ताब्यात असतो. मागूनही तो ताबा सोडत नसेल, तर ड्रायव्हर ठरावीक काळ वाट पाहून तो स्वतःकडे घेतो.

खोड बहुधा उत्पादक व चिप यांच्या क्रमांकांवरून ओळखली जाते आणि तिच्यासाठी एक बिट राखलेला असतो. एक्सएचसीआय ड्रायव्हरात अशा ३२ खुणांची जागा होती; ती अपुरी पडून २०१८ मध्ये ६४ करावी लागली. एकाच प्रमाणपत्रकाखाली किती अपवाद साचले, याचे हे बोलके माप आहे.

मनमाडची अडचण १९९० च्या दशकातील रूपांतराने मिटली, कारण रूळ उखडून नवे घालता आले. घरोघरी गेलेली चिप परत बोलावता येत नाही. म्हणून निर्मात्याच्या चुकीचे परिमार्जन ड्रायव्हर लिहिणाऱ्यास करावे लागते, आणि ते यंत्र वापरात असेपर्यंत चालू ठेवावे लागते. त्या ओळी निरुपयोगी समजून पुसून टाकणारा पुन्हा त्याच दोषास दार उघडून देतो. यास्तव अपवादांची ही यादी म्हणजे केवळ तडजोड नव्हे; प्रमाणपत्रक आणि प्रत्यक्ष यंत्र यांतील अंतराचा तो विश्वसनीय दप्तरखाना होय, आणि अभ्यासकाने तिचे वाचन त्याच दृष्टीने करावयास हवे.